पुन्हा मूगडाळीपासून

२१ एप्रिल २००६

भात, मुगाचं वरण, दुधी. सकाळी दुधी, रात्री दुधी. फोडणी नाही, शेंगदाणे नाहीत, मिरची नाही, दुधाचा चहा नाही, गहू नाही. अंडं-मासळीचं तर नावच नको. डॉ. मॅडम म्हणतात दोन आठवडे पोट कोरं ठेवायचं, मग एकेक पदार्थ चार-चार दिवस खाऊन बघायचा. ज्याने हात खाजतील तो चोर. ऐकायला किती सोपं. जयंती होऊन गेल्यावर सुरू केलं म्हणून बरं, नाहीतर विहारातल्या पंगतीत मी माझा दुधीचा डबा उघडून बसले असते.

मिस्टरांनी आज माझ्यासमोर बसून बांगडा खाल्ला. काटे चोखून. फॅक्टरीतून दमून येतात, भूक लागते, सगळं कबूल. पण काटे चोखायची काय गरज होती.

करणं तर भाग आहे. दोन्ही मनगटं, बोटांच्या बेचक्या लाल झाल्यात. बारीक पुळ्या, रात्रभर खाज. पापण्यासुद्धा मधेच सुजतात. गेल्या महिन्यात उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, नवरीच्या मावशीने माझ्या मनगटाकडे बघितलं आणि स्वतःचा हात मागे घेतला. "दीदी, ये फैलता तो नहीं ना?" मेंदीवालीचेच हात असे, तर तिच्या हातात हात देणार कोण. ऐन लग्नसराईत हे. हात बरे झाले नाहीत तर धंदा गेला, आणि हा धंदा मी स्वतः उभा केलाय, कोणाच्या ओळखीने नाही. चोर सापडलाच पाहिजे.

२३ एप्रिल

सासूबाईंचं निदान तयारच असतं. "आंगात उष्णता हाय तुझ्या. तळहाताला, तळपायाला मेंदी लाव. घरात येवढी मेंदी आन् बाई खाजवत बसती."

खरं तर डॉ. मॅडमपण पहिल्या दिवशी तेच म्हणाल्या होत्या. काय काम करता? मेंदी काढते. "मग बरंय, मेंदी थंडच असते." आणि पुढची ओळ लिहायला घेतली, खाण्याची.

म्हणून कालच्या उरलेल्या कोनातली मेंदी दोन्ही तळहातांना लावून दुपारी झोपले. माझी मेंदी सा.बां.च्या गावाकडच्या पाट्यावर वाटलेल्या पाल्यासारखी नाही. पूड कपड्याने गाळायची, लिंबू, साखरेचं पाणी, निलगिरीचं तेल, आणि वरून चमचाभर काळी पुडी. पुडीमुळे रात्रभर हात बांधून बसायला लागत नाही, तासाभरात काळाभोर रंग. कॅम्प चार, कॅम्प पाच, सगळीकडे मला 'एक घंटेवाली दीदी' म्हणतात. अंबरनाथमध्ये माझ्याइतकी फाकडू मेंदी काढणाऱ्या दुसऱ्याही आहेत, पण रंग माझाच.

थंड वाटलं. झोप लागली. सा.बां.चं कधी नव्हे ते ऐकलं.

२४ एप्रिल

सकाळी तळहात टम्म. चहाचा कप (कोरा, बिनदुधाचा, बिनमजेचा) धरवेना.

कुठे चुकलं ते कळलं. परवा कॅम्प चारला गेले होते. सिंधी घरात पाय ठेवला की आधी पापड आणि पाणी. नको म्हटलं तर त्यांना अपमान वाटतो. भाभी ताट घेऊन उभी. "आपके लिए ही सेका है." तीनदा नको म्हटलं, शेवटी चतकोर तोडला. उडीद. नक्की उडीद. संशयितांत पहिलं नाव.

मि. म्हणाले, "चतकोर पापडाने दोन्ही हात सुजले?" म्हटलं, तुम्हाला काय कळतंय ॲलर्जीतलं, तुम्ही बांगडा खा.

२७ एप्रिल

दोन आठवडे पूर्ण व्हायला अजून वेळ आहे, पण डॉ. मॅडमना फोनवर इतकं रडगाणं गायलं की त्यांनी गहू आधी दिला. दोन चपात्या, रोज, चार दिवस. त्यातही दुसरं काही नवीन नाही.

पहिला घास खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलं. चपातीसाठी रडणारी बाई मीच पहिली असेन. सा.बा. शेजारणीला सांगत होत्या, "डागदरनं उपाशी ठिवलीया माज्या सुनंला."

३० एप्रिल, अक्षय तृतीया

तीन दिवस ओळीने नवऱ्या. काल दुपारपासून ते रात्री लाइट जाईपर्यंत, मग मेणबत्तीवर. पाठ मोडली.

हात भयंकर. मनगटावर पाणी सुटलंय. डावी पापणी अर्धी मिटलेली. आरशात बघितलं आणि मीच दचकले.

गहू गेला.

चपाती, पाव, बिस्किट, शेवया, शंकरपाळी, सगळं आयुष्यातून गेलं. आमच्याकडे भाकरी करायला सा.बा. एकट्याच पटाईत, म्हणजे आता त्यांच्या हातापाया पडायला लागणार. नाचणीची चालेल का विचारलं तर मॅडम म्हणतात, "नाचणीची टेस्ट नंतर." सगळंच नंतर.

३ मे

कालपासून ताप. अंग ठणकतंय. वरण-भात गिळवत नाही. आज तांदूळ नको असंसुद्धा वाटलं, म्हणजे बघा.

५ मे

टायफॉइड. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "हे काय मूग-दुधी लावलंय? आधी टायफॉइड, मग तुमचं डाएट. दूध-पाव खा, बिस्किटं खा, ताकद आणा." त्यांना सांगत होते की गहू मला चालत नाही, तसं टेस्टमध्ये सिद्ध झालंय, तर ते इंजेक्शन भरत होते.

इतक्या दिवसांची तपश्चर्या पाण्यात. आई बदलापूरहून आली न्यायला. सा.बां.ची नक्कीच सुटका.

११ मे, शिरगाव, बदलापूर

आज पहिल्यांदा पेन धरतेय. मधले दिवस आठवत नाहीत. आईने भरवलं ते खाल्लं. दुधात बुडवलेला पाव. ग्लुकोजची बिस्किटं. साबुदाण्याची पेज. वहिनीने मऊ भातात तूरडाळ घातली, वर तूप, वर लिंबू. आजारी माणसाला बघायला येणारा प्रत्येकजण काहीतरी घेऊन येतो, आणि खाल्लेलं बघितल्याशिवाय उठत नाही. शेजारच्या काकूंनी तर अंड्याचा बलक दुधात फेटून आणला. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांनी चमचा आत घातला.

डॉ. मॅडमच्या कागदावर जेवढं म्हणून 'बंद' होतं, तेवढं सगळं या आठ दिवसांत पोटात गेलंय. आता कशाने काय होतंय ते कळायचं कसं. आईला समजावलं तर म्हणते, "जगलीस तर कळंल."

१३ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात जायची ताकद नव्हती. वहिनीने खीर आणून दिली. दाट, वेलदोडा, वर चारोळ्या. दूध म्हणजे दूधच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. म्हटलं आज नको, मग म्हटलं आजच्या दिवशी खिरीला नाही म्हणणारी मी कोण. वाटी संपल्यावर वहिनी दुसरी घेऊन आली, तीही संपवली.

रात्रभर हाताकडे बघत पडले. आता उठेल, मग उठेल. काही नाही.

१६ मे

मनगटं साफ. बेचक्या साफ. पापण्या लहान मुलीसारख्या. एवढे स्वच्छ हात मी वर्षभर बघितले नव्हते. आणि खाल्लं काय, तर जगातलं सगळं.

संताप येतो. तीन आठवडे दुधी खाऊन जे झालं नाही ते खीर आणि बिस्किटं खाऊन झालं?

प्रत्येकाचं मत तयार. आई, "तुझ्या सासरचं पाणी वाईट." वहिनी, "ताई, टायफॉइडच्या गोळ्या गरम असतात, त्यांनी आतलं सगळं जाळलं असणार." मि. रविवारी भेटायला आले, ते म्हणाले, "माझ्यापासून लांब राहिलीस म्हणून." हसायची पण ताकद नव्हती, तरी हसले.

मला वहिनीचं पटतंय. गोळ्यांनीच.

२० मे

परत अंबरनाथ. आधी डॉ. मॅडमकडे. सगळं सांगितलं, खिरीच्या दुसऱ्या वाटीसकट. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाल्या, "एवढ्या औषधांमुळे काहीच धरता येणार नाही. आधीचं सगळं बाद. गहूसुद्धा बाद."

म्हटलं, म्हणजे गहू चालेल?

"म्हणजे माहीत नाही. पहिल्यापासून सुरू करू."

पहिल्यापासून म्हणजे?

"मूगडाळ."

 

२२ मे

टायफॉइडनंतर भूक कशी लागते ते ज्याला लागते त्यालाच माहीत. भिंत खावीशी वाटते. केस कंगव्यात येतायत. दोन जिने चढले की धाप. आणि समोर दुधी. आधीच्या वेळी निदान उत्साह तरी होता. आता ताट दिसलं की रडू येतं.

तरी नेटाने धरलंय. बाहेरची एक वस्तू नाही, कामही अजून घेतलेलं नाही.

२३ मे

घात झाला. भात इतका चविष्ट का लागतोय म्हणून विचारलं तर सा.बा. शांतपणे म्हणाल्या, "दूध घालून शिजीवला. वाईच ताकद नको का आंगात? तू कागद वाचून जेवती, तुला सांगितलं आस्तं तर खाल्ला नस्तास."

किती दिवस? "आल्यापास्नं."

म्हणजे परत पहिला दिवस. मी ताट आपटलं. त्या म्हणाल्या, "मंग दावीव की, कुठं उठलंय?" हात पुढे केला. कुठेच उठलं नव्हतं. म्हटलं, उशिरा उठतं, दुधाचं उशिरा उठतं. मलाच माझं पटलं नाही.

आजपासून माझा भात मीच लावणार. कुकर वेगळा.

२५ मे

कॅम्प चारच्या भाभीचा फोन. तिच्या कोमलची मेंदी उद्या. "आप ही आना. मैंने सबको बोल के रखा है, एक घंटे में काला." आजारपणामुळे मी नाही म्हणेन असं तिला वाटलं होतं. धंदा अजून माझाच आहे हे ऐकून बरं वाटलं.

संध्याकाळी मेंदी भिजवली, गाळली, कोन भरले. नेहमीप्रमाणे रंग बघायला मनगटावर एक ठिपका. छान काळा आला.

जेवण, मूगडाळ-भात. स्वतः शिजवलेला. दूध नाही, काही नाही.

रात्री मनगट खाजतंय.

मूगडाळच चोर असली तर मी जीव देईन.

२७ मे

काल कोमलची मेंदी. कोपरापर्यंत दोन्ही हात, पायाला पोटरीपर्यंत. त्यांनी पापड दिला, मी पर्समध्ये टाकला, घरी येऊन सा.बां.ना दिला. पाणीसुद्धा बाटलीतलं, घरचं. एवढं कडक मी कधीच पाळलं नव्हतं.

आज सकाळी दोन्ही पापण्या सुजलेल्या. हात एप्रिलसारखे. त्याहून वाईट.

रात्री जेवताना मि.समोर सगळा राग काढला. दुधीलापण ॲलर्जी असते का, तांदूळ बदलून बघू का, कुकर ॲल्युमिनियमचा आहे म्हणून का. ते ऐकत होते. मग म्हणाले, "शिरगावला तू काय खाल्लं नाहीस ते सांग."

सगळं खाल्लं, तेच तर.

"आणि मेंदी किती काढलीस?"

मी ताटावरून उठले. म्हटलं, तुम्हाला माझा धंदा पहिल्यापासून खुपतो. त्यांना खुपत नाही, हे मला माहीत आहे. लग्नानंतर क्लास लावायला त्यांनीच पाठवलं होतं. पण काहीतरी बोलायला हवं होतं.

२८ मे

डोक्यातून जात नाही. सुरुवात नेहमी मनगटावरून होते. बरोबर तिथून, जिथे ठिपका देते. कोन दाबताना बेचक्यांत लागतं. लिहिता-लिहिता डोळा चोळते.

आणि त्या दुपारी सा.बां.च्या सांगण्यावरून तळहात भरून लावली होती. पापड बिचारा चतकोर.

पण मेंदी थंड असते. सगळ्या जगाला माहीत आहे. लहान बाळांना लावतात.

३० मे

डॉ. मॅडमकडे पुडी घेऊन गेले. त्यांनी डबी उघडली, वास घेतला, लगेच झाकण लावलं. "ही केस काळे करायच्या डायची पुडी आहे."

हो, म्हटलं, सगळ्याच घालतात. त्याशिवाय तासात रंग येत नाही.

"मला सांगितलं का नाही?"

तुम्ही खाण्याचंच विचारलंत.

त्यांनी खाण्याचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, मी थंड म्हणाले ती मेंदी ही नव्हे. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात त्वचेच्या विभागात जा, तिथे पाठीला पट्ट्या लावून बघतात, चिठ्ठी देते. तोपर्यंत पुडीला हात लावू नका. आणि खाणं आहे तेच ठेवा, नवीन काही घालू नका, नाहीतर पुन्हा कशाने झालं ते कळायचं नाही. शेवटी सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "ज्या मुलींना काढता, त्यांनाही होऊ शकतं हे. कोणाला झालं नाही ना?"

नाही, म्हटलं. मला कोण कशाला सांगेल. लग्न झालं की मुलगी सासरी.

महिनाभर दुधी. एवढंच डोक्यात घुमत होतं. महिनाभर दुधी खाल्ला.

१ जून

भाभीला फोन केला, सहज. कोमल कशी आहे विचारलं. "बहुत काला आया, सब पूछ रहे थे किसने लगाया." हात वगैरे ठीक आहेत ना, एवढं विचारायचं होतं. विचारलं, जेवण कसं झालं.

तिने तिच्या बहिणीच्या मुलीचं काम दिलं, परवाचं. म्हटलं, येते.

३ जून

पुडीशिवाय केली. जास्त लिंबू, लवंगेचं पाणी, चार तास जास्त भिजवली, जे जे ऐकलं होतं ते सगळं. नक्षी अशी काढली की मलाच कौतुक वाटलं. दोन तासांनी पोरीने खरवडलं. केशरी.

"दीदी, ये तो ऑरेंज है."

सकाळपर्यंत गडद होईल, पाणी लावू नको, म्हटलं. तिची आई म्हणाली, "फंक्शन आज शाम को है." भाभी माझ्याकडे बघत होती. पापडपण विचारला नाही. मी जिना उतरत होते तेव्हा आतून कोणीतरी दुसऱ्या मेंदीवालीचा नंबर मागत होतं.

मुंबईला कधी जाणार, विचारलं मि.नी. बघू, म्हटलं.

माझे हात मात्र आज खाजले नाहीत. नको तेव्हा.

५ जून

मुंबईला कोण जातंय पट्ट्या लावायला. मी घरच्या घरी करायचं ठरवलं. मॅडमचाच नियम, एका वेळी एक गोष्ट. सकाळी डाव्या हाताला कोपराच्या आत नुसत्या मेंदीचा ठिपका. उजव्याला पुडीवाल्या मेंदीचा. दोन्ही तासाने धुतले. आता थांबायचं. खाणं फक्त मूगडाळ-भात. उजवीकडे उठलं तर पुडी. म्हणजे एक घंटेवाली दीदी संपली. कुठेच उठलं नाही तर पुडी निर्दोष, परत दुधीच्या मागे लागायचं. आयुष्यात पहिल्यांदा दुधी दोषी निघावा म्हणून मी प्रार्थना करतेय.

दिवसभर उजवा हात लांब धरून फिरले. दुपारी सा.बां.नी विचारलं, हाताला काय झालं. काही नाही म्हटलं. संध्याकाळी तिथे काहीतरी चुरचुरतंय असं वाटलं. बाही वर करून बघितलं नाही.

रात्री सा.बां.नी सुकट केली होती. कांदा, कोकम, लाल तिखट, अख्ख्या जिन्यात वास. त्यांनी सगळ्यांची पानं घेतली, माझ्यासाठी मुगाचं पातेलं वेगळं ठेवलं होतं. मी माझ्या पानाकडे बघत बसले. आज सुकट खाल्ली तर उद्या जे काही उठेल ते पुडीने की सुकटीने, कोणीही सांगू शकणार नाही. मॅडम नाही, मि. नाही, मीसुद्धा नाही. हे मला अगदी नीट समजत होतं.

मि. मान खाली घालून जेवत होते. त्यांना पण समजलं असणार. 

सा.बा. डाव हातात घेऊन म्हणाल्या, "तुला चालती का गं?"

म्हटलं, वाढा.